मिलिटरीची जुनी पेटी: शोधायची कुठं, साफ कशी करायची आणि तिच्यावरची अक्षरं कशी वाचवायची

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं सावकाश येईल. लष्करात दारूगोळा ठेवायची ही जुनी पेटी घरी आणली की पहिल्या दिवशी तिला थिनर, रॉकेल, तारेची घासणी, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. फक्त बघा आणि फोटो काढा.

माझी पहिली पेटी मी जुन्या बाजारातून आणली आणि त्याच दुपारी मोरीत बसून थिनरच्या बोळ्यानं चकाचक पुसली. वरची धूळ, तेलकट थर सगळं गेलं, पण बोळा उलटा करून बघितला तर त्याच्यावर पिवळा रंग होता. म्हणजे पेटीवर पिवळ्या स्टेन्सिलची (कापलेल्या साच्यातून रंगवलेली) अक्षरं होती आणि ती मी वाचायच्या आधीच पुसून टाकली होती. आमच्या सोसायटीत एक रिटायर्ड सुभेदार काका आहेत, त्यांना दाखवायला नेली तर त्यांनी पेटी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "अरे, अक्षरं म्हणजे पेटीचा सातबारा असतो. आता ही कुठली, कधीची, हिच्यात काय होतं, काय सांगणार तू?" तेव्हापासून माझं सगळं काम त्या एका गोष्टीभोवती फिरतं. गंज काढता येतो, पोचा काढता येतो, रबर नवीन मिळतं. पुसलेली अक्षरं परत येत नाहीत.

कुठं शोधायची

पुण्यात राहून ही पेटी शोधायची म्हणजे आपलं नशीब तसं चांगलंच आहे. खडकीची अम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, शेजारी हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी, देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि डेपो, शहरात सदर्न कमांडचं मुख्यालय, आणि २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या त्यातल्या दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडियाचं हेडऑफिससुद्धा इथंच. त्यामुळं खडकी, रेंजहिल्स, दापोडी, देहूरोड या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अशा पेट्या असतातच, कुणी खिळे-स्क्रू ठेवलेत, कुणी शिलाई मशीनचं सामान, कुणी नुसतंच ठेवलंय.

पहिला रस्ता म्हणजे जुना बाजार, मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की चांगला माल गेलेला असतो. "अम्युनिशन बॉक्स आहे का" असं विचारू नका, त्यानं एक तर भाव वाढतो नाहीतर समोरचा घाबरून नाही म्हणतो. "मिलिटरीची लोखंडी पेटी, टूल ठेवायला" असं विचारा. माझ्या बहुतेक पेट्या पान्या-पक्कडींच्या ढिगाखाली मिळाल्यात, म्हणजे विकणारा स्वतःच त्याचं सामान पेटीत भरून आणतो आणि पेटी विकायची आहे हे त्याच्या डोक्यातच नसतं. "काका, सामान नको, पेटीचं काय घ्याल?" हा प्रश्न मला बऱ्याच वेळा उपयोगी पडलाय.

दुसरा रस्ता भंगारवाले. लष्कराचा निकामी माल सरकारी ई-लिलावात लॉटनं जातो, एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव घेते, आणि तो लॉट मोठे भंगार व्यापारी उचलतात, तिथून सुटी पेटी खाली झिरपते. गोडाऊनवाल्याला नंबर देऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा चक्कर मारा, नुसता फोन केला तर कुणी तुमच्यासाठी पेटी बाजूला ठेवत नाही. आणि छोटी का होईना पावती घ्या. कोऱ्या कागदावर तारीख, वस्तू, किंमत, दुकानाचा शिक्का एवढं पुरतं. सरकारी मालावर सरकारी खूण असते, उद्या कुणी विचारलं तर ही रिकामी पेटी भंगारातून विकत घेतलीय हे दाखवता आलं पाहिजे. तिसरा रस्ता ओळखीचा: घर रिकामं करणारे, वाडा पाडणारे, बदली झालेले लोक. यातली पेटी सगळ्यात चांगली असते कारण ती पावसात पडलेली नसते.

जीवाशी खेळ नको

हा भाग मनापासून लिहितोय, वगळू नका. पेटी घ्यायच्या आधी तिथंच उघडा आणि आत हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघा. तळाशी, कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या अस्तराखाली एखादी गोळी अडकलेली असू शकते. जिवंत काडतूस विनापरवाना जवळ बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, "मला माहीत नव्हतं" हे पटवत बसायची वेळ आणू नका. रिकामी पुंगळीसुद्धा घरी आणू नका, शोभेची म्हणूनही नको. लाकडी पेटीत गोल पत्र्याचा बंद डबा दिसला तर त्याला हातच लावायचा नाही. ३६ नंबरच्या हातबॉम्बच्या पेटीत बारा बॉम्ब असायचे आणि ते उडवणारे डिटोनेटर वेगळ्या गोल डब्यात, आणि डिटोनेटर जुना झाला म्हणून शांत होत नाही. असं काही दिसलं की लांब व्हा, दुसऱ्यांना लांब करा, ११२ ला फोन करा. खिशात घालून चौकीवर नेऊन देणं हा शहाणपणा नाही, बॉम्बशोधक पथकानं तुमच्याकडं यायचं असतं, तुम्ही त्यांच्याकडं नाही.

फायरिंग रेंजच्या आसपास वेचलेला माल कुणी विकत असेल तर तिथून काहीच घेऊ नका, पेटीसुद्धा.

घेताना काय बघायचं

बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती अमेरिकन धाटणीची पत्र्याची पेटी आणि तिच्यासारख्या इतर देशांच्या पेट्या. दोन मापं लक्षात ठेवा. मोठी, म्हणजे पॉईंट ५० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी) गोळ्यांची एम२ए१, आतून साधारण ११ इंच लांब, साडेपाच इंच रुंद, सात इंच उंच, तिच्यात मशीनगनच्या पट्ट्यातल्या १०० गोळ्या बसायच्या. छोटी एम१९ए१, आतून १० इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद, ७.६२ च्या पट्ट्यातल्या २०० गोळ्यांची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पेटीच्या बाजूला जळत्या बॉम्बचं चिन्ह पत्र्यातच दाबून उठवलेलं असतं, ते बोटाला लागतं, रंग कितीही चढवला तरी लपत नाही. ब्रिटिश आणि इंग्रजांच्या काळातल्या हिंदुस्थानी मालावर बाणाची खूण असते, तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या, कोंबडीच्या पायासारखी, आणि हिंदुस्थानी मालात त्या बाणाबरोबर इंग्रजी आय अक्षर.

आता स्टेन्सिल वाचायला शिका, यात खरी मजा आहे. आधी कॅलिबर असतं, पॉईंट ३०३ किंवा ७.६२ किंवा ५.५६. मग गोळीचा प्रकार: बॉल म्हणजे साधी गोळी, ट्रेसर म्हणजे उजेडाची रेघ सोडणारी, ब्लँक म्हणजे नुसता आवाज. मग नग किती, लॉट नंबर (कुठल्या खेपेचा माल), आणि वर्ष. ३०३ च्या मालावर मार्क सात लिहिलेलं दिसतं, ती गोळी १९१० पासूनची आहे, म्हणून नुसतं मार्क सात बघून पेटी पहिल्या महायुद्धातली समजू नका, वर्ष शोधा. खडकीच्या काडतुसांवर के एफ ही अक्षरं असायची, किर्की फॅक्टरी, कारण इंग्रज खडकीला किर्की म्हणायचे. पेटीवर ती दिसली तर ती आपल्या घरापासून दहा किलोमीटरवर भरली गेली होती असं समजा, मला अजून एकच मिळालीय. अलीकडच्या पेटीवर केशरी चौकटीत १.४ एस आणि शेजारी यूएन ००१२ असेल, ती वाहतुकीची धोक्याची खूण आहे, बंदुकीच्या काडतुसांची. त्याबद्दल शेवटी बोलू.

हल्ली शोभेच्या नवीन पेट्याही मिळतात, मिलिटरी लुक म्हणून बनवलेल्या. पत्रा पातळ, बोटानं दाबला तर टकटक वाजतो, स्टेन्सिल अगदी सरळ आणि ताजं, आणि लॉट नंबर नाही, किंवा दुकानातल्या चारही पेट्यांवर एकच नंबर. ती घेतली तरी काही बिघडत नाही, पण जुन्याच्या भावात घेऊ नका.

मग तब्येत. झाकण उघडबंद करा, कडी पूर्ण बसते का बघा, रबर चिवट आहे की चुरा होतंय ते नखानं बघा. वरचा गंज घाबरण्यासारखा नसतो, तळाच्या जोडावरचा गंज बघा, पाणी तिथंच साठतं. मोबाईलचा टॉर्च लावून पेटीत ठेवा, झाकण बंद करा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन चारी बाजूंनी बघा. उजेडाचा ठिपका दिसला म्हणजे आरपार भोक. एकदोन ठिपके चालतात, तळाची सगळी कड चाळणीसारखी असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

पहिले दोन दिवस: फोटो आणि साबणाचं पाणी

सहाही बाजूंचे फोटो काढा, झाकणाच्या आतले आणि बिजागरीखालचेसुद्धा. मग रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही, पण आडव्या उजेडात वरच्या रंगाखालच्या जुन्या अक्षरांच्या कडा सावलीसारख्या उठून येतात, केसाएवढी जाडी असते पण दिसते. माझ्या खडकीच्या पेटीवर कुणीतरी घरचा निळा ऑइलपेंट मारला होता, दिवसा ती नुसती निळी होती, आणि रात्री अकरा वाजता टॉर्च आडवा धरल्यावर आधी तिरकी रेघ दिसली, मग ती के ची तंगडी आहे हे कळलं, मग शेजारचा एफ. मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. फोटो काढून मोबाईलवर कॉन्ट्रास्ट वाढवला की अजून स्पष्ट होतं. हे फोटो जपून ठेवा, पुढं लागणार आहेत.

मग कोमट पाणी, भांड्याचा लिक्विड साबण, मऊ दाढीचा ब्रश. अक्षरांवर ब्रश न घासता फेस टेकवायचा, दोन मिनिटं ठेवायचा, ओल्या फडक्यानं उचलायचा. बाकीच्या अंगाला थोडं जोरात घासलं तरी चालतं. लगेच कोरडं करा आणि उन्हात तासभर उघडी ठेवा. बऱ्याच पेट्यांना एवढंच पुरतं, खरं सांगतो. साबणानं धुतलेली, दोनचार ओरखडे असलेली, अक्षरं शाबूत असलेली पेटी ही चकचकीत नवीन रंगवलेल्या पेटीपेक्षा मला कधीही जास्त आवडेल.

गंज आणि रंग, आणि तुमची फुप्फुसं

जुन्या लष्करी रंगात शिसं असू शकतं आणि खालच्या पिवळट हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट, दोन्ही विषारी. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, ही पेटी त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणून ग्राइंडर नको, कोरडा पॉलिश पेपर नको, ब्लो-टॉर्चनं रंग जाळणं तर अजिबात नको. वॉटर पेपर वापरा आणि सतत ओला ठेवा, एन९५ मास्क आणि हातमोजे घाला, खाली जुने पेपर टाका, ते गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरून टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम गच्चीवर करा आणि ते कपडे वेगळे धुवा. कडीवर किंवा स्क्रूवर पिवळसर, इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर तो कॅडमियमचा मुलामा असू शकतो, त्याला घासायचंच नाही, साबणानं पुसून सोडून द्या.

गंज काढायचं माझं आवडतं औषध म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. झाकण, कडी असे सुटे भाग सरळ बुडवा, दर तासाला काढून बघा, ब्रशनं पुसा, परत टाका. तीनचार तासांत काम होतं, रात्रभर ठेवून झोपू नका, चांगलं लोखंडही खाल्लं जातं. बाहेर काढलं की बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्यात विसळा, मग साधं पाणी, मग लगेच कोरडं फडकं आणि हेअर ड्रायर. इथं पाच मिनिटं जरी फोन घेतलात तरी पत्र्यावर केशरी झाक परत येते. जस्ताचा मुलामा असलेले भाग यात टाकू नका, जस्त विरघळतं.

अक्षरांच्या जवळचा गंज असेल तर पेटी बुडवायची नाही. टिश्यू पेपर त्याच द्रावणात भिजवून फक्त गंजाच्या डागावर चिकटवा, वरून प्लॅस्टिकचा तुकडा, वीस मिनिटांनी काढा. चारपाच वेळा करावं लागतं, चिकाटीचं काम आहे.

काही लोक इलेक्ट्रोलिसिस करतात, धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. त्यानं गंज फार छान निघतो पण रंगही उचकटतो, म्हणून अक्षरं नसलेल्या पेटीलाच ते करा. मायनस पेटीला, प्लस फेकायच्या साध्या लोखंडी पट्टीला, उलटं केलंत तर पेटीच खाल्ली जाईल. प्लसला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, त्यामुळं उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको.

वरून कुणी रंग मारलेला असेल आणि खाली अक्षरं असतील तर मी असं करतो. तळाशी एका कोपऱ्यात आधी प्रयोग, कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एक मिनिट. वरचा रंग विरघळला आणि खालचा राहिला तर नशीब, पुढं तसंच इंच-इंच जायचं, प्रत्येक घासेला नवी काडी. स्पिरिटनं काहीच होत नसेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, बोटाच्या टोकाएवढ्या गोलात अगदी हलक्या हातानं, आणि अक्षराचा रंग दिसायला लागला की तिथंच थांबायचं. वरचा थोडा रंग राहू द्या, तो सगळा काढायच्या नादात अक्षर जातं. माझ्या निळ्या पेटीवरची दोन अक्षरं, बाण, लॉट नंबर आणि अर्धं वर्ष एवढं काढायला मला सहा रविवार लागले. वर्षाचे शेवटचे दोन आकडे आधीच गेलेले होते, ते मी रंगवून टाकले नाहीत.

पोचे, बिजागरी, भोकं

पोचा काढायला आतून लाकडी ठोकळा आणि बाहेरून मोगरी, किंवा उलट. लोखंडी हातोडीनं थेट ठोकू नका, पत्रा ताणला जातो आणि मग तो फुगून राहतो. झाकणाची कड आणि पेटीची वरची कड मात्र सरळ झालीच पाहिजे, नाहीतर रबर बसत नाही. जमत नसेल तर ओळखीच्या डेंटिंगवाल्याकडं न्या, पण त्याला स्पष्ट सांगा की लांबी (पुट्टी) भरायची नाही आणि रंग मारायचा नाही, फक्त ठोकून द्यायचं. मी एकदा हे सांगायचं विसरलो आणि पेटी परत आली ती पूर्ण चकाकत्या हिरव्या रंगात. त्याला वाटलं तो माझ्यावर मेहेरबानी करतोय.

अमेरिकन धाटणीच्या पेटीचं झाकण काढायला स्क्रू लागत नाही, झाकण पूर्ण उघडून एका बाजूला सरकवलं की बिजागरीतून सुटतं. अडकलं असेल तर डब्ल्यूडी-४० मारा, रात्रभर ठेवा, परत मारा, मग हलवा. ठोकायची घाई करू नका, पिन वाकली की संपलं.

बारीक भोकाला आतल्या बाजूनं एम-सील चांगलं बसतं, आधी जागा ओल्या वॉटर पेपरनं खरखरीत करून कोरडी करा. वेल्डिंगच्या फंदात पडू नका, पातळ पत्रा जळतो, रंगाचा आणि मुलाम्याचा धूर छातीत जातो.

रबर

पेटीची खरी किमया या रबरात आहे, पाणी आत जात नाही ते याच्यामुळं. साबणानं धुवा, कोरडं करा, अगदी पातळ सिलिकॉन ग्रीस बोटानं फिरवा. खोबरेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. मग कागदाची परीक्षा: कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. घट्ट धरून ठेवली तर ठीक, सुळकन आली तर तिथं फट आहे. सगळ्या कडेनं दहाबारा ठिकाणी करा. मग पाण्याची परीक्षा: आत टिश्यू पेपर आणि वजनाला दोन विटा ठेवून पेटी टबात बुडवा, दहा मिनिटांनी बाहेर काढून आधी बाहेरून पुसा आणि मग उघडा, टिश्यू कोरडा असेल तर पेटी अजून कामाची आहे.

रबर गेलंच असेल तर जुन्याचा तुकडा घेऊनच रबराच्या दुकानात जा, तोंडी माप सांगू नका. बंद छिद्रांचं ईपीडीएम स्पंज मागा. सांधा कोपऱ्यात न करता लांब बाजूच्या मध्ये करा, टोकं तिरकी कापा.

रंगवायचं का?

अक्षरं असतील तर नाही. उघडं पडलेलं लोखंड तेवढं झाका आणि बाकी मेणावर भागवा: गाडीचं साधं मेणाचं पॉलिश, मऊ फडक्यानं पातळ थर, अर्ध्या तासानं पुसून टाका, वर्षातून एकदा पावसाळ्याआधी. उकळलेलं जवसाचं तेलही चांगलं दिसतं पण त्याचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अक्षरं अजिबात नसतील, पेटी गंजून गेलेली असेल, तर खुशाल रंगवा. खरा रंग झाकणाच्या आतल्या कडेला आणि बिजागरीखाली मिळतो, तिथं ऊन पोचलेलं नसतं. भारतीय मानकातला ऑलिव्ह ग्रीन म्हणजे आयएस ५ चा २२० नंबर, दुकानात नंबर सांगा आणि मॅट मागा, चकाकता नको. पेटीचा रंग थोडा वेगळा असेल तर तिचं झाकण घेऊन जा आणि जुळवून घ्या. आधी झिंक फॉस्फेट प्रायमर, नाही मिळाला तर रेड ऑक्साईड, मग रंगाचे दोन पातळ हात. पावडर कोटिंग करू नका, भट्टीत १८० अंशांच्या वर जातं, रबर आत राहिलं तर जळून जातं आणि पत्र्यात उठवलेली अक्षरं जाड थराखाली बुजतात. पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम बंदच ठेवा, दमट हवेत रंगाखाली ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत फोड येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दोन, ही उत्तम वेळ.

स्टेन्सिल परत काढायचं असेल तर आपल्याच पेटीचा जुना फोटो खऱ्या मापात प्रिंट करून जाड प्लॅस्टिक शीटवर कापा, स्पंजला रंग लावून आधी पेपरवर टिपा आणि जवळजवळ कोरडा झाला की मग पेटीवर टेकवा. दुसऱ्याच्या पेटीचा लॉट नंबर आपल्या पेटीवर मारू नका. ते मला पटत नाही.

लाकडी पेटी

थोडक्यात सांगतो. पाणी कमी, ब्रश जास्त. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. भुसा पडत असेल तर आत किडा आहे, एप्रिल-मेमध्ये काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर आठवडाभर, लाकूड आतपर्यंत तापलं पाहिजे. दोरीचे कान तुटलेले असतील तर तीन पदरी काथ्याची किंवा सिसलची दोरी घाला, नायलॉन नको, ते विजोड दिसतं. फळी बदलावी लागली तर टिंबर मार्केटमध्ये जुन्या पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड मिळतं का बघा, नवीन लाकूड जुन्याशेजारी वर्षानुवर्षं ओरडत राहतं. गंजलेले स्क्रू काढताना आधी थोडे घट्ट करा, मग सैल, डोकं तुटत नाही. आणि उरलेले तुकडे शेकोटीत जाळू नका, अशा लाकडाला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असू शकतं.

आता ठेवायचं काय

पाने, स्क्रू, जवळजवळ काहीही, फक्त फटाक्यासारखी वस्तू नको. धान्य, मसाले, लोणचं मात्र नाही, आत काय काय राहिलंय कुणाला ठाऊक. कॅमेरा किंवा कागदपत्रं ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका, कारण हवाबंद पेटीत ओल गेली की बाहेरही येत नाही. लिथियम बॅटऱ्या ठेवायच्या असतील तर रबर काढून टाका, बॅटरी बिघडून गॅस सुटला तर बंद पेटी फुटू शकते.

केशरी धोक्याची खूण असेल तर पेटी घराबाहेर नेताना ती झाका, रंग लावून नाही, काढता येणाऱ्या स्टिकरनं, आणि वर मराठीत "अवजारांची पेटी" असं मोठ्या अक्षरात लिहा. स्वारगेटला, स्टेशनवर, मेट्रोत ही पेटी घेऊन जाऊच नका, रिक्षा करा. आणि क्षणभरही बेवारस ठेवू नका. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेतल्या बॉम्बनं काय केलं ते या शहरानं बघितलंय, तशात रस्त्यावर दारूगोळा लिहिलेली हिरवी पेटी दिसली तर माणसं घाबरणारच आणि पोलिसांचा अख्खा दिवस जाणार.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. एका कागदावर पेन्सिलनं लिहा: कुठून घेतली, कधी, किती रुपयांना, अक्षरं काय होती, कुठली पुसट होती, तुम्ही काय काय लावलंत. शाई पसरते म्हणून पेन्सिल. सोबत टॉर्च आडवा धरून काढलेला फोटो प्रिंट करून ठेवा, दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आत चिकटवा. माझ्या खडकीच्या पेटीत तो कागद आहे, त्याच्यावर सुभेदार काकांनी स्वतःच्या अक्षरात लॉट नंबर लिहून दिलाय, चष्मा वर करून, एकेक आकडा दोनदा तपासून.